निदानाला कस लावताना : चिनी वैद्यकातील प्रश्नावल्यांचा आढावा

अमेरिकेत झालेला, २००१ मध्ये छापून आलेला एक छोटासा अभ्यास या विषयावर लिहिणारे आजही आवर्जून सांगतात. जुनाट पाठदुखीने बेजार झालेल्या एका चाळीस वर्षांच्या बाईंना अॅक्युपंक्चरच्या सात चिकित्सकांनी वेगवेगळे तपासले. सातांनी मिळून सुया टोचण्याचे २८ बिंदू सुचवले. त्यांतल्या फक्त ४ बिंदूंवर दोघांचे किंवा त्याहून अधिक जणांचे एकमत होते. एकाला ७ सुया पुरेशा वाटल्या, दुसऱ्याला २६ लागल्या.

बाई एकच, दुखणेही एकच. मग फरक कुठे पडला? प्रत्येकाने वेगळे प्रश्न विचारले म्हणून, वेगळे पाहिले म्हणून, की सारखेच ऐकून-पाहून अर्थ वेगळा लावला म्हणून? यातला पहिला दुवा पक्का करण्याचा सोपा उपाय म्हणजे सर्वांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारायचे. निदान-प्रश्नावल्यांच्या प्रयत्नांमागे हाच विचार आहे. गेल्या पंचवीस वर्षांत चीन, हाँगकाँग, तैवान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि अमेरिकेत अशा प्रश्नावल्या तयार झाल्या आणि तपासल्या गेल्या. त्या तपासणीत काय हाती आले आणि काय अडून राहिले, ते इथे पाहू.

विचारण्याची परंपरा

चिनी वैद्यकात तपासणीचे चार मार्ग सांगितले आहेत : पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे आणि स्पर्शाने जाणणे. ऐकणे आणि वास घेणे यांना चिनीत एकच क्रियापद आहे, म्हणून ते दोन मिळून एक मार्ग. वाग्भटाची दर्शन-स्पर्शन-प्रश्न ही त्रिविध परीक्षा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही.

विचारण्याच्या मार्गाला शिस्त लावण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न मिंग काळातल्या झांग ज्येबिन (१५६३–१६४०) या वैद्याचा. त्याने दहा प्रश्नांची पद्यबद्ध यादी केली. थंडी-ताप, घाम, डोके व अंग, मलमूत्र, खाणेपिणे, छाती, श्रवण, तहान असा तिचा क्रम आहे. पुढे छिंग काळात चन श्योयुआनने तिच्यात फेरफार करून जुने आजार, कारण, स्त्रियांची पाळी, मुलांचे गोवर-देवी यांची भर घातली. आजचे विद्यार्थी अशाच सुधारित यादीवर तयार होतात. मूळ यादीतली एक गोष्ट मात्र आजच्या वादाशी थेट भिडते. तिच्यातले शेवटचे दोन ‘प्रश्न’ रोग्याला विचारायचे नाहीतच. नववा नाडी आणि वर्णाकडे नेतो, दहावा औषधांच्या गुण-रसाकडे. प्रश्नांची यादी करायला बसलेल्या वैद्यालाही आठ प्रश्नांनंतर नुसत्या विचारण्यावर थांबता आले नव्हते.

उत्तरांवरून वैद्य ‘झंग’ ठरवतो. याला आपण आकृतिबंध म्हणू. रोगाचे नाव आणि आकृतिबंध या वेगळ्या गोष्टी आहेत. सांधेदुखीच्या दोन रोग्यांपैकी एकाचा आकृतिबंध थंडीचा आणि दुसऱ्याचा उष्णतेचा असू शकतो, आणि त्यांचे औषध वेगळे असते. उलट, रोग वेगळे असूनही आकृतिबंध एक असेल तर औषध एकच चालते. आकृतिबंध ओळखून उपचार करणे हा चिनी वैद्यकाचा कणा, असे आज प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. पण किम टेलर आणि फोल्कर शाइड यांनी दाखवून दिले आहे की या विचारातले घटक जुने असले तरी त्याला कण्याचे स्थान मिळाले ते १९५० च्या दशकात. १९५६ मध्ये पेइचिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे सरकारी महाविद्यालये निघाली. गुरूच्या शेजारी बसून शिकण्याच्या जागी वर्ग, परीक्षा आणि छापील पुस्तके आली, आणि ज्ञानाला एकसारखा साचा लागला. १९९७ मध्ये रोग, आकृतिबंध आणि उपचार यांच्या संज्ञांचे राष्ट्रीय मानक निघाले. अमुक आकृतिबंधासाठी अमुक लक्षणे अशी यादी एकदा झाली की तिच्यातून प्रश्नावली काढणे फार लांब राहत नाही.

वैद्यांचे आपसात किती जुळते?

प्रश्नावलीची गरज किती, हे वैद्यांचे आपसात किती जुळते यावरून ठरते. यावर सर्वांत चिकाटीने काम केले ते मेरिलँड विद्यापीठाच्या गटाने. संधिवाताच्या ४० रुग्णांना तीन वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासले. २००५ च्या या अहवालात निदानातली सरासरी एकवाक्यता ३१.७ टक्के निघाली. पुढच्या अभ्यासात वैद्यांना आधी प्रशिक्षण दिले, कोणत्या खुणेला काय म्हणायचे हे ठरवून घेतले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात एकवाक्यता ७३ टक्क्यांवर गेली होती.

हे दोन आकडे एकत्र वाचायला हवेत. पहिला आकडा टीकाकारांच्या लेखनात भेटतो, दुसरा समर्थकांच्या. दोन्ही खरे आहेत. मात्र या साध्या टक्केवाऱ्या आहेत. दोन वैद्यांनी डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या तरी काही वेळा एकच नाव येणार. तेवढा योगायोग वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये ‘कप्पा’ हा गुणांक सुचवला. नंतरचे बरेच अभ्यास तो वापरतात. पण बहुतेक रुग्णांत एकच आकृतिबंध आढळत असेल तर एकवाक्यता चांगली असूनही कप्पा खाली येतो. म्हणून वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून चढउतार मोजण्यात फारसा अर्थ नाही.

प्रश्नावलीचा थेट उपयोग स्कॉट मिस्ट, शेरिल रिटनबॉ आणि मायकेल एकिन यांनी करून पाहिला (२००९). जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यासाठी त्यांनी प्रश्नावलीवर आधारलेली निदानपद्धत आणि तिच्यासोबत प्रशिक्षण अशी जोडी बनवली; वैद्यांमधली विश्वसनीयता वाढली. मेरिलँडचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. म्हणजे फरकाचा मोठा भाग वैद्यकाच्या गाभ्यातला नसून शब्द सैल असल्यामुळे पडतो. सिडनीतल्या नाडीपरीक्षेच्या अभ्यासातही तेच दिसले. ‘बुडालेली’ किंवा ‘तरंगती’ नाडी म्हणजे नेमके काय, हे बोटांच्या दाबासह लिहून घेतल्यावर तपासणाऱ्यांचे बऱ्यापैकी जुळू लागले. जिभेच्या बाबतीत एवढे यश आलेले नाही.

प्रशिक्षणाने जुळणारे निदान बरोबर असेलच असे मात्र नाही. शिक्षणशास्त्र शिकलेल्यांना विश्वसनीयता आणि सप्रमाणता हा फरक पाठ असतो : चाचणी दर वेळी तेच उत्तर देते का, हा एक प्रश्न, आणि जे मोजायचे तेच ती मोजते का, हा दुसरा. आतापर्यंतचे यश बहुतांशी पहिल्या प्रश्नावरचे आहे.

प्रश्नावल्यांची दोन घराणी

तयार झालेल्या साधनांची ढोबळमानाने दोन घराणी पडतात. एक आकृतिबंध शोधणारे, दुसरे देहप्रकृती ठरवणारे.

पहिल्या घराण्यात रोझा श्नायर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेली संरचित मुलाखत महत्त्वाची. ओटीपोटातल्या दुखण्यावरच्या एका अभ्यासासाठी ती डेल्फी पद्धतीने रचली होती. तज्ज्ञांनी एकमेकांचा दबाव न येता फेऱ्याफेऱ्यांनी मते द्यायची आणि सहमती होईपर्यंत प्रश्न गाळत-सुधारत न्यायचे, अशी ही पद्धत. नेदरलँड्समधल्या हर्मन फान वीटमार्शन यांच्या गटाने २०११ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी प्रश्नावली वापरली. चिनी वैद्यकातला थंड-उष्ण हा भेद डच रुग्णांच्या उत्तरांतून वर येतो का, हे त्यांना पाहायचे होते. या घराण्यातली साधने बहुधा एकेका आजारापुरती असतात, आणि आजार बदलला की काम पुन्हा नव्याने करावे लागते.

दुसऱ्या घराण्याचा पसारा फार मोठा आहे. पेइचिंग चिनी वैद्यक विद्यापीठातील वांग छी यांनी माणसांच्या नऊ देहप्रकृती मांडल्या. एक समतोल आणि आठ कललेल्या : छी-क्षीण (छी म्हणजे देहातली चैतन्यशक्ती), यांग-क्षीण (यांग म्हणजे ऊब देणारी बाजू), यिन-क्षीण (यिन म्हणजे गारवा व ओलावा देणारी बाजू), कफ-ओलाव्याची, ओलावा-उष्णतेची, रक्त साकळण्याची, छी कोंडण्याची आणि ॲलर्जीसारखे जन्मजात कल असलेली विशेष प्रकृती. जू यानबो आणि सहकाऱ्यांनी यासाठी ६० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, आणि २००९ मध्ये चीनच्या चिनी वैद्यक संघटनेने प्रकृती-निर्णयाचे मानक प्रसिद्ध केले.

पद्धत अशी. गेल्या एका वर्षाचा अनुभव आठवून प्रत्येक प्रश्नाला ‘मुळीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत एक ते पाच गुण द्यायचे. चटकन थकवा येतो का, हातपाय गार पडतात का, डोळे कोरडे वाटतात का, सर्दी नसतानाही शिंका येतात का, असे प्रश्न असतात. एका प्रकृतीच्या प्रश्नांची बेरीज शून्य ते शंभरच्या पट्टीवर आणायची. कललेल्या प्रकृतीत ४० किंवा त्याहून अधिक आले तर ‘आहे’, ३० ते ३९ ला ‘कल आहे’, ३० च्या आत ‘नाही’.

ही सीमारेषा किती बारीक आहे ते साधा हिशेब मांडला की दिसते. छी-क्षीण प्रकृतीचे प्रश्न आठ. कच्ची बेरीज २० झाली तर पट्टीवर ३७.५ येतात, २१ झाली तर ४०.६. आठांपैकी एकाच प्रश्नाला ‘कधीकधी’ऐवजी ‘बऱ्याचदा’ म्हटले की माणूस एका गटातून दुसऱ्यात जातो. अशी रेषा कुठल्याही प्रश्नावलीत कुठेतरी मारावीच लागते. पण प्रत्यक्ष वैद्य रेषेवरच्या माणसाला आणखी दोन गोष्टी विचारतो, त्याची नाडी पाहतो. कागदाला ते करता येत नाही. शिवाय काही प्रश्न उलटे गुण देऊन समतोल प्रकृतीतही मोजले जातात, त्यामुळे उपपट्ट्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. घटक-विश्लेषण करणाऱ्यांना ही गोष्ट खटकते.

तरीही ही प्रश्नावली ज्या काळजीने तपासली गेली ते नजरेआड करू नये. अंतर्गत सुसंगती आणि पुनर्चाचणीतले सातत्य पाहिले गेले. चीनच्या नऊ प्रांतांतल्या वीस हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी जमवल्या गेल्या, आणि त्यात समतोल प्रकृतीचे जेमतेम एक तृतीयांश निघाले. जपानी, कोरियन, इंग्रजी आणि हाँगकाँगसाठी कँटोनीज रूपे झाली. २०१३ पासून चीनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत ६५ वर्षांवरच्या नागरिकांसाठी वर्षातून एकदा प्रकृती-निर्णय होतो आणि त्यासाठी ३३ प्रश्नांचे छोटे रूप वापरले जाते. या छोट्या रूपात उंची-वजनाचे गुणोत्तर आणि पोटाचा घेर आहे, आणि शेवटी जिभेवरचा थर व जिभेखालच्या शिरा आरोग्यसेवकाने स्वतः पाहायच्या आहेत. झांग ज्येबिनच्या यादीप्रमाणे इथेही शेवटचे प्रश्न विचारण्यातून पाहण्याकडे वळले आहेत.

तैवानची तीन घटकांची प्रकृती-प्रश्नावली आणि कोरियातली ली जे-मा यांच्या १८९४ च्या चतुर्विध प्रकृती-विचारावर बेतलेली प्रश्नावली ही याच घराण्यातली भावंडे.

प्रकृतीचे घराणे भरभराटीला आले याचे एक कारण मला त्याच्या विषयातच दिसते. प्रकृती सहसा बदलत नाही असे तत्त्वच सांगते, आणि प्रश्नही वर्षभराचा विचारला जातो. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले तर उत्तर तेच येण्याची शक्यता दांडगी. आकृतिबंध मात्र आजाराबरोबर चालतो. आठवड्यापूर्वी बाहेर असलेली थंडी आज आत शिरून उष्ण झालेली असू शकते. पुनर्चाचणीत उत्तर बदलले तर साधन कच्चे म्हणायचे की रोगी पुढच्या टप्प्यावर गेला म्हणायचे? मानसशास्त्राकडून उसन्या घेतलेल्या कसोट्या इथे अपुऱ्या पडतात. या मुद्द्यावर व्हावी तितकी चर्चा झालेली नाही असे मला वाटते.

शब्दांची अडचण

भाषांतराचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण तो फार खोल जातो. चिनी पाठ्यपुस्तके थंडी वाजण्यातच भेद करतात. अंगावर पांघरूण घेऊनही न जाणारी थंडी एक, आणि ऊब मिळताच जाणारी दुसरी. पहिली बाहेरून आलेल्या विकाराची खूण, दुसरी आतल्या यांगच्या क्षीणतेची. मराठीत पहिलीला ‘हुडहुडी भरते’ आणि दुसरीला ‘गारठा सोसत नाही’ म्हणता येईल, आणि तो भेद आपल्या आजीलाही कळेल. ‘तुम्हाला थंडी वाजते का’ एवढ्या एका प्रश्नात मात्र तो पुसला जातो. शिवाय उत्तर जानेवारीतल्या हार्बिनमधून येते की मे महिन्यातल्या नागपुरातून, यावरही बरेच अवलंबून.

दुसरे उदाहरण यिन क्षीण झाल्याचे प्रसिद्ध लक्षण : दोन्ही तळहात, दोन्ही तळपाय आणि छातीचा मध्य अशा पाच ठिकाणी जाणवणारी त्रासदायक उष्णता. आपल्याकडे तळपायांची आग झाली की काशाच्या वाटीने तूप चोळतात, आणि ‘उष्णता झाली’ हे निदान घरातच होते. असा माणूस प्रश्नावली भरताना नुसते लक्षण सांगत नाही. आग, डोळ्यांची जळजळ, तोंड येणे या गोष्टी एकत्र नांदतात हे त्याला आधीच ‘माहीत’ असते, आणि एकीला होकार दिला की दुसरीलाही तो देतो. चीनमध्येही अंगात ‘आग चढणे’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. मग चिनी लोकांच्या उत्तरांत काही लक्षणे जुडग्याने दिसली, तर ती शरीरात एकत्र आहेत की भाषेत? ज्याच्या घरी असा विचार नाही त्या डच किंवा अमेरिकन रुग्णाच्या उत्तरांत तीच जुडगी आपोआप दिसली, तर तो पुरावा कितीतरी वजनदार ठरेल. फान वीटमार्शन यांच्या डच अभ्यासासारख्या प्रयत्नांचे मोल इथे आहे. चिनी शब्द न कळल्यामुळे ती जुडगी मोडली असतील, ही शक्यताही उरतेच.

घासायचे कशावर?

सोन्याला कस लावायला कसोटीचा दगड लागतो. रक्तशर्करेसंबंधी प्रश्नावली रक्ताच्या तपासणीवर घासता येते. आकृतिबंधाला असा बाहेरचा दगड नाही, म्हणून प्रश्नावलीचे उत्तर अनुभवी वैद्यांच्या मताशी ताडून पाहतात. पण वैद्यांचे आपसात जुळत नाही म्हणून तर प्रश्नावली बनवायला घेतली होती! हे चक्र तोडण्याचे तीन मार्ग आजवर पुढे आले.

पहिला शरीरातल्या खुणांचा. शांघायच्या शन त्झयीन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की वृक्क-यांग क्षीण ठरवलेल्या रुग्णांच्या लघवीत अधिवृक्क संप्रेरकाशी संबंधित एक द्रव्य कमी आढळते. या शोधाने चीनमध्ये संशोधनाची एक मोठी वाट उघडली, पण बहुतेक खुणा एकाच आकृतिबंधाच्या मालकीच्या ठरल्या नाहीत.

दुसरा संख्याशास्त्राचा. हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील नेव्हिन झांग यांनी २००८ मध्ये सुमारे २,६०० जणांची ३५ लक्षणे घेतली आणि वैद्याचे मत बाजूला ठेवून गणितालाच गट पाडू दिले. निघालेल्या सुप्त घटकांपैकी काही परंपरेच्या वर्णनाशी चांगले जुळले. मात्र कोणती लक्षणे नोंदवायची हे परंपरेनेच ठरवले होते, त्यामुळे हा मार्गही परंपरेपासून पुरता सुटलेला नाही.

तिसरा परिणामांचा : निदानानुसार औषध बदलले तर रुग्णाला खरोखर फरक पडतो का? सर्वांत जास्त उल्लेख होतो तो ॲलन बेन्सूसान यांच्या १९९८ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीचा. आतड्याच्या क्षोभाच्या ११६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला निरुपद्रवी बनावट औषध, दुसऱ्याला सर्वांसाठी एकच ठरलेले चिनी मिश्रण, तिसऱ्याला प्रत्येकाचे निदान करून बनवलेले मिश्रण. उपचार संपेपर्यंत दोन्ही चिनी गट बनावट औषधापेक्षा सरस ठरले, पण वैयक्तिक निदानाचा गट ठरलेल्या मिश्रणापेक्षा पुढे नव्हता. १४ आठवड्यांनंतर मात्र सुधारणा टिकली ती फक्त वैयक्तिक गटात. दोन्ही बाजू या चाचणीतून आपापले वाक्य उचलतात. माझ्या मते तिच्या मांडणीचे महत्त्व निकालाहून जास्त आहे. निदानाला त्याच्या स्वतःच्या परंपरेबाहेर न्याय मिळण्याची जागा ती दाखवते.

तीन भूमिका

प्रमाणीकरणाच्या बाजूचे म्हणतात की संज्ञा आणि प्रश्न एकसारखे केल्याशिवाय संशोधन पुढे जाणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत चीन-जपान-कोरियाच्या परंपरेतले रोग आणि आकृतिबंध यांचा स्वतंत्र अध्याय आला, आणि २०२२ पासून ती आवृत्ती लागू झाली. त्यामुळे या बाजूला बळ मिळाले आहे. नोंदणीसाठी जागा देणे म्हणजे परिणामकारकतेवर शिक्कामोर्तब नव्हे, ही संघटनेची भूमिका मात्र ध्यानात ठेवायला हवी.

बहुविधता मानणारे सांगतात की एका रोग्याकडे जाण्याच्या एकाहून अधिक योग्य वाटा असतात. दोन वैद्यांनी वेगळे निदान करूनही दोघांचा रुग्ण बरा होत असेल, तर न जुळणे हा दोष कसा? हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यातला ‘बरा होत असेल’ हा भाग प्रत्येक वेळी दाखवून द्यावा लागेल, आणि ते काम थोड्यांनीच केले आहे.

साशंकांचे म्हणणे मुळावर आहे. छी किंवा यांग यांना शरीरात पत्ता नाही, तेव्हा त्यांची प्रश्नावली कितीही सुसंगत असली तरी ती एका शब्दव्यूहाची सुसंगती मोजते. सुसंगतीवरून अस्तित्व सिद्ध होत नाही, हे बरोबरच. मात्र प्रश्नावलीने पाडलेले गट उपचाराच्या परिणामांत खरोखर वेगळे वागले, तर त्या गटांना काहीतरी आधार आहे हे मानावे लागेल, मग नाव कोणतेही असो.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राचा या चर्चेशी संबंध दुहेरी आहे. अॅक्युपंक्चरसाठी राज्याने २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. आणि प्रकृतीच्या प्रश्नावल्या आयुर्वेदात आपल्यासमोर आहेतच. पुण्याच्या सी-डॅकने ‘आयुसॉफ्ट’ हे आयुर्वेदिक सॉफ्टवेअर बनवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी प्रकृती परीक्षण अभियानात एक कोटीहून अधिक लोकांची प्रकृती मोबाइल ॲपवरून नोंदवली गेली. वैद्यांमधली एकवाक्यता, सीमारेषा, ‘उष्णता’ या शब्दाचा घरगुती अर्थ, आणि घासायचे कशावर, हे चारही प्रश्न इथे जसेच्या तसे लागू पडतात. चिनी संशोधकांचे निष्कर्ष आपल्याला आयते वापरता येणार नाहीत, पण त्यांनी अडखळलेल्या जागा आधीच पाहून घेता येतील.

काय उरले

चालत्या आकृतिबंधासाठी पुनर्चाचणीची नवी पद्धत अजून घडलेली नाही. प्रश्न, जीभ आणि नाडी यांचे वजन एकत्र कसे मोजायचे याची सर्वमान्य रीत नाही. आणि रुग्णांना प्रश्नावलीनुसार गटात टाकून निम्म्यांना जुळणारे, निम्म्यांना मुद्दाम न जुळणारे औषध द्यायचे, अशा थेट चाचणीपुढे नैतिक पेचही आहे.

त्यामानाने एक काम बिनधोक आहे. चीनमध्ये दर वर्षी ६५ वर्षांवरचे नागरिक आरोग्यकेंद्रात बसून त्या ३३ प्रश्नांची उत्तरे देतात, आरोग्यसेवक त्यांची जीभ पाहतो आणि प्रकृतीची नोंद होते. त्याच माणसांना पुढे मधुमेह झाला का, पक्षाघात आला का, याच्याही नोंदी त्याच आरोग्यव्यवस्थेत पडतात. कफ-ओलाव्याचा म्हणून नोंदलेला माणूस वजन आणि पोटाचा घेर हिशेबात घेऊनही इतरांपेक्षा जास्त आजारी पडला का, एवढे या दोन वह्या शेजारी ठेवून तपासता येईल. घेर वजा केल्यावरही फरक उरला, तर प्रश्नांनी काहीतरी पकडले. नाही उरला, तर मोजपट्टी पुरेशी होती.